निशाणवीराची मान

दिग्दर्शक येणार म्हणून धाकट्यानं लांब टेबलावरचे शाईचे डाग घासून काढायला माणूस लावला, आणि रविवारचं पहिलं भांडण त्यावरूनच झालं.

"डाग पुसतोयस?" आत्या दारातूनच म्हणाली. पिशवी अजून तिच्या खांद्यावरच होती. "मग त्याला दाखवणार काय? स्वतःचं तोंड?"

"ताई, चांगली माणसं यायची आहेत. कोपराला शाई लागते."

"पंधरा वर्षांपूर्वी वाळलेली शाई लागत नाही. तुला या टेबलाशी कधी बसू दिलं नाही ना, म्हणून तुला ठाऊक नाही."

हे धाकट्याला लागलं. अठ्ठावन्न वर्षांचा, दोन नातवंडांचा आजोबा झालेला माणूस, पण या टेबलाचा विषय निघाला की तो पुन्हा सात वर्षांचा व्हायचा. घासणाऱ्याला त्यानं हातानंच थांबवलं आणि घरी पाठवून दिलं. तोवर टेबलाचा दाराकडचा कोपरा, म्हणजे नेमका आत्याचा, लाकडाचा मूळ रंग दिसेपर्यंत साफ झाला होता.

ही खोली छापखान्याच्या वरची. खाली आता औषधांची खोकी छापतात आणि रविवारी यंत्रं बंद असतात. छत्तीस वर्षं या टेबलावर दर महिन्याला 'निशाणवीर' या चित्रकथा-मासिकाचा एक अंक तयार झाला. देशाचं निशाण खांद्यावर पांघरून परक्या फौजांना एकट्यानं अडवणारा वीर. "थांबा! अजून मी उभा आहे!" असं तो दर अंकात एकदा तरी म्हणायचाच, आणि देशातली निम्मी पोरं अंघोळीचा टॉवेल पाठीवर टाकून तेच ओरडत घरभर पळायची. मुखपृष्ठावर एकच नाव असायचं, नानांचं, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांचं. कथा त्यांची आणि चित्रंही त्यांचीच.

चित्रं त्यांची होती यात वाद नाही. कथेचं काय, ते या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. सगळीकडे आधी चित्र काढतात आणि उरलेल्या जागेत संवादाचे फुगे कोंबतात. या घरात सगळं उफराटं. नानांसमोर कोरा कागद आला की त्यांचा हात आखडायचा. पेन्सिलीला टोक काढत तासन्‌तास बसून राहायचे. शेवटी एक दिवस एकोणीस वर्षांच्या आत्यानं वैतागून त्यांच्या कागदावर चौकटी आखल्या, फुगे काढले, त्यांत संवाद लिहिले आणि म्हणाली, "घ्या, आता उरलेल्या जागेत माणसं काढा." नानांनी पुढची वीस वर्षं तेच केलं, आणि ते गेल्यावर थोरल्यानं सोळा. आत्याला बोलायचं फार असायचं. तिचे फुगे चौकटीचा वरचा अर्धा भाग खायचे आणि खाली उभ्या केलेल्या निशाणवीराला मान ताठ करायला जागाच उरायची नाही. छत्तीस वर्षं तो बिचारा मान वाकवून देश वाचवत राहिला.

आणि आता त्याच्यावर सिनेमा निघणार होता.

"तो यायच्या आत एवढं उरकून टाकू," म्हणत धाकट्यानं एक कागद आत्यापुढे सरकवला. खाली थोरल्याची सही आधीच झालेली होती.

आत्यानं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "'निशाणवीर ही व्यक्तिरेखा, तिचा पोशाख, तिच्या कथा, संवाद व घोषवाक्य ही सर्व आमच्या वडिलांची एकट्याची निर्मिती असून तीत अन्य कोणाचाही सहभाग नाही, असे आम्ही तिघे वारस प्रतिज्ञेवर सांगतो.'" तिनं चष्मा काढला. "प्रतिज्ञेवर! वा रे वा. खोटं बोलायचं तेही शपथ घेऊन."

"कंपनीचा नियम आहे, ताई. एकच निर्माता हवा त्यांना. उद्या कुणी तिसराच उठला आणि म्हणाला की संवाद माझे होते, तर सिनेमा अडकतो. आज तिघांच्या सह्या मिळाल्या तर ठीक, नाहीतर त्यांच्याकडे दुसरा एक वीर तयार आहे. स्पष्ट सांगितलंय त्यांनी."

"तिसरा कशाला उठेल? मी इथं बसलेय ना."

"तू नुसती अक्षरं काढायचीस."

आत्यानं चष्मा पिशवीत टाकला. मग थोरल्याकडे वळली. "दादा, मी अक्षरं काढायची?"

थोरला खिडकीपाशी नानांच्या खुर्चीत बसला होता. वय चौऱ्याहत्तर, हात अजून स्थिर, बाकी सगळा डळमळीत कारभार. "अगं, कायद्याची भाषा असते ती," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "आपल्याला ठाऊक आहे ना काय ते. मग झालं तर."

"आपल्याला ठाऊक आहे म्हणूनच लाज वाटायला हवी," आत्या म्हणाली, आणि कागद तसाच ठेवून दिला.

शेजारच्या अरुंद खोलीत चहाचं आधण ठेवता ठेवता वहिनीनं, थोरल्याच्या बायकोनं, हे सगळं ऐकलं होतं. भिंत पातळ होती आणि वहिनीचे कान त्याहून पातळ.

"तुझ्या आत्याचं नेहमीचंच," ती मुलीला म्हणाली. "दुसऱ्याचं बरं होताना दिसलं की हिच्या नाकाला मिरच्या झोंबल्याच."

मुलगी दातांची डॉक्टर. आज दवाखान्याला सुट्टी म्हणून आली होती, आणि 'आत्याला मी पटवते' असा शब्द तिनं सकाळीच फोनवर काकाला दिला होता. "पण आई, खरं काय आहे? संवाद आत्याचे होते का?"

"खऱ्याखोट्याचं काय घेऊन बसलीस? नाना गेल्यावर तुझ्या वडिलांनी सोळा वर्षं रक्त आटवलं. कुणी नाव घेतलं? लोकांना वाटायचं, नाना अजून जिवंत आहेत आणि तेच काढतायत. आता पहिल्या खेळाला व्यासपीठावर खुर्ची मिळतेय ह्यांना. मिळू दे की. वन्संचं काय जातंय एक सही करायला?"

मुलीला ते पटलं. बाबा व्यासपीठावर बसलेत हे चित्र तिलाही हवंसं वाटत होतं. आत्याला काय, कशाचीच पर्वा नसते, असा तिचा लहानपणापासूनचा समज होता. ज्याला जीभ आहे त्याला काही लागत नाही असं लोक धरून चालतात, तसंच तीही.

दिग्दर्शक आला तो ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशिरा. तिशीतला, दाढी राखलेला, डोक्यावर घरातसुद्धा न उतरणारी टोपी, आणि दर वाक्याला दोन्ही हातांनी हवेत चौकट करायची सवय. आल्या आल्या त्यानं टेबलावर तळहात फिरवला, भारावून गेला आणि दाराकडच्या कोपऱ्याशी एकदम थांबला.

"अरेरे! इथले डाग कुणी काढले? मला तर हेच टेबल सिनेमात घ्यायचं होतं!"

आत्यानं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं छताकडे पाहिलं.

मग दिग्दर्शकानं पिशवीतून टॅब काढून टेबलावर उभा केला आणि चित्रं दाखवायला सुरुवात केली. "आजच्या प्रेक्षकाला देशप्रेम थेट दिलं तर पचत नाही," तो म्हणाला. "त्यामुळे मी ते फार सूक्ष्म ठेवलंय."

"म्हणजे पाणी घालून," आत्या म्हणाली.

"ताई, जरा ऐक तर," धाकटा दातांवर दात दाबून म्हणाला.

"ऐकतेय की. हा राखाडी कपडा कसला?"

"निशाण आहे ते. मी रंग काढून घेतले. रंग असले की काहींना आपलं वाटतं, काहींना नाही. रंगच नसले की प्रत्येकाला ते आपलं वाटेल."

"रंग काढलेल्या निशाणाला आमच्याकडे फडकं म्हणतात. परवापर्यंत त्यानं टेबल पुसायचो. आज तर माझा कोपराही त्यानंच पुसला गेला."

दिग्दर्शक हसला. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं गोड मानून घ्यायचं असं तो ठरवूनच आला होता. त्यानं पुढचं चित्र काढलं. त्यात निशाणवीर एका कोचावर बसला होता आणि समोर चष्मेवाली बाई काहीतरी टिपून घेत होती.

"हा समुपदेशकाकडे जातो. त्याला शंका आहेत. देशाबद्दल, स्वतःबद्दल. वडिलांशी त्याचं जमत नसतं."

"वडील कुठून आले?" आत्यानं विचारलं. "चारशेवर अंकांत त्याला वडील नव्हते. बरा होता पोरका."

"आणि तो बोलत नाही," दिग्दर्शकानं आता आवाज खाली आणला, जणू मोठं गुपित फोडतोय. "संपूर्ण सिनेमात फक्त एक शब्द. 'थांबा.' बस."

"आणि पुढचं? 'अजून मी उभा आहे'?"

"ते प्रेक्षक मनात म्हणतील."

"मग तिकिटाचे पैसेही मनातच देऊ द्या त्यांना."

दातांच्या डॉक्टरला हसू आवरेना. तिनं तोंड लपवायला कपाटातला जुन्या मूळ पानांचा गठ्ठा उचलला आणि खिडकीपाशी जाऊन चाळायला लागली.

"हे बघा," आत्या दिग्दर्शकाला म्हणाली, आणि आता तिच्या आवाजातली थट्टा जरा कमी झाली होती. "जुनं सगळं सोनं होतं असं मी म्हणत नाही. पन्नासाव्या अंकात तो पुलावर उभा राहून तीन पानं भाषण देतो, आणि तोवर शत्रूची फौज शाळेतल्या पोरांसारखी रांगेत वाट बघते. भिकार आहे ते. कापा, मी टाळ्या वाजवीन. पण त्याची जीभच कापायची? बोलायची भीती तुम्हाला वाटते, आणि मुका त्याला करताय."

"पण बोलका देशभक्त आज हास्यास्पद वाटतो, मॅडम."

"कुणाशी बोलतो त्यावर आहे ते."

"अगदी!" दिग्दर्शक एकदम उठून उभाच राहिला. "त्रेसष्टावा अंक! तोच माझ्या सिनेमाचा पाया आहे. आपल्याच देशाचे शिपाई आपल्याच लोकांच्या जमावावर चालून येतात, आणि निशाणवीर जमावाच्या बाजूनं उभा राहून त्यांना म्हणतो, थांबा. त्या काळात! काय नानांचं धैर्य! त्या अंकासाठी सरकारनं चार महिने त्यांचा कागदाचा कोटा बंद केला होता ना?"

"हो, हो," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "नाना म्हणजे निर्भीड माणूस."

आत्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. त्रेसष्टावा अंक खाली यंत्रावर चढला त्या दिवशी नाना ताप आल्याचं सांगून पांघरुणात शिरले होते. 'पान बदल, मुली, आपल्याला भिकेला लावशील,' म्हणून आठवडाभर मागे लागले होते. तिनं बदललं नाही. यंत्रापाशी तीच उभी राहिली. अंक गाजला तेव्हा नाना बरे झाले आणि मुलाखती देऊ लागले. तिला तेव्हा राग आला नव्हता. बापाचं नाव झालं तर मुलीनं रागवायचं कशाला, असं तिनं स्वतःला समजावलं होतं आणि पुढची चाळीस वर्षं तेच समजावत आली होती. आज मात्र तिला असा राग आला की कानशिलं तापली.

"आणि सगळ्यात थोर गोष्ट म्हणजे त्याची मान," दिग्दर्शक म्हणाला. हातांची चौकट पुन्हा हवेत गेली. "जगातला प्रत्येक वीर छाती काढून आकाशाकडे बघतो. नानांचा वीर मान झुकवतो. जनतेपुढे! केवढा विचार आहे त्यात. माझा सगळा सिनेमा त्या एका मानेवर उभा आहे. नटाला चार महिने त्या मानेचं शिक्षण दिलंय."

आत्या हसली. नुसती हसली नाही, ठसका लागेपर्यंत हसली आणि शेवटी पदरानं डोळे पुसले. थोरला पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. त्या नटाला म्हणावं, मान शेकून घे."

दिग्दर्शकाला खालची जुनी यंत्रं फोनमध्ये टिपायची होती. धाकट्यानं जिन्याचं दार उघडून दिलं, तो खाली गेल्याची खात्री केली, आणि परत येऊन दार लावून घेतलं.

"ताई, पुरे झालं हं. हात जोडतो. सही कर."

"काका, एक मिनिट," डॉक्टर खिडकीजवळून म्हणाली. तिनं एक मूळ पान काचेवर धरलं होतं, दातांचे एक्सरे धरते तसंच. बाहेरच्या उजेडात शाईखालची पेन्सिल दिसत होती. "बाबा, इकडे या ना. फुग्याच्या आत, अक्षरांखाली, चित्राची एकही रेघ नाही. डोकं फुग्याच्या कडेपर्यंत येतं आणि वाकतं. चित्र आधी आणि फुगा नंतर असता, तर खाली पेन्सिल राहिली असती. प्रत्येक पानावर तसंच आहे."

"नाना जपून काढायचे," थोरला म्हणाला.

दिवसातून दोनदा दात घासतो असं छातीठोक सांगणारी तोंडं ती रोज बघत होती. बापाच्या चेहऱ्यावरचा तो भाव तिला ओळखीचा होता. तिनं पान खाली घेतलं.

"काका, या कागदावर आत्यानं सही करू नये असं मला वाटतं."

"तू सकाळी काय म्हणाली होतीस?"

"सकाळी मी हे बघितलं नव्हतं."

धाकट्याचा तोल गेला. "अरे, काय बघितलं? घरातल्या बायकांनी हातभार लावला म्हणून त्या काय निर्मात्या झाल्या? कुणी अक्षरं काढली, कुणी काळं भरलं. चहासुद्धा कुणीतरी करायचंच की! उद्या चहावालीचं पण नाव लावायचं?"

वहिनी नेमकी त्याच वेळी हातात चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"कुणी काळं भरलं?" तिनं विचारलं.

"वहिनी, मी तुम्हाला नाही..."

"मलाच. दुसरं कोण भरायचं?" तिनं ट्रे खाली ठेवला नाही. "तेहेतीस वर्षं. निशाणवीराची सावली, निशाणवीराचे बूट, शत्रूचं आभाळ. सगळं माझं. हिच्या वेळी पोट टेबलाला लागायचं म्हणून उभी राहून भरलंय. डोळे मिटले तरी काळंच दिसायचं. आणि तू तेव्हा कुठं होतास? अंकांचे गठ्ठे मोजत होतास खाली."

"पण तुम्हीच तर म्हणालात की सही व्हायला पाहिजे!"

"ते ह्यांच्या खुर्चीसाठी म्हणत होते. चहावाली व्हायला नाही." वहिनी आत्याकडे वळली. दोघींचं आयुष्यात कधी धड पटलं नव्हतं आणि पुढेही पटायची चिन्हं नव्हती. "वन्सं, नका करू सही."

"वहिनी, आज सूर्य कुठून उगवलाय?" आत्या म्हणाली. पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

धाकटा खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच. "बुडवा मग," तो म्हणाला. "दोन वर्षं कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्या मी. तुम्ही सगळे या टेबलाशी होतात. मी सात वर्षांचा होतो, मला 'जा, खाली खेळ' म्हणायचात. नंतर मोठा झालो तरी खालीच. मला ना रेघ मारता येते, ना लिहिता येतं. एवढं एकच काम मी या टेबलावर आणलं. एकच. तेही तुम्हाला नको."

हे मात्र खरं होतं, आणि आत्याला ते टोचलं. धाकट्याला तिनं लहानपणी कडेवर घेऊन फिरवलं होतं. त्याला टेबलापासून हाकलणाऱ्यांत तीही होतीच. तिनं हात पुढे केला.

"दे ते पेन."

"वन्सं!"

"थांबा, वहिनी. दादा, तू माझ्याकडे बघ. खिडकीकडे नको, माझ्याकडे. आणि एकदा तोंडानं म्हण की नानांनी लिहिलं. त्रेसष्टावा अंक नानांनी लिहिला. एवढं म्हण, मी करते सही. मग जन्मात पुन्हा विषय काढणार नाही."

थोरल्यानं तिच्याकडे बघितलं. ओठ हलले. बाहेर जिन्यावर दिग्दर्शकाची पावलं वाजली, तशी त्याची मान पुन्हा खाली गेली.

"काका!" दिग्दर्शक आत आला तो आनंदात, थेट थोरल्यापाशी. बगलेत कागदाची मोठी गुंडाळी होती. "एक विनंती आहे. पहिलं पोस्टर मला तुमच्या हातचं हवं. आत्ता, इथंच, या टेबलावर. मी फोनवर चित्रित करतो. मजकूर काही नको. नुसता निशाणवीर. कोरा कागद आणि तुमची पेन्सिल."

थोरल्याला सुटल्यासारखं झालं. बोलायचं नव्हतं, काढायचं होतं, आणि काढणं त्याला येत होतं. कागद पसरला गेला. डॉक्टरनं पेन्सिल आणून दिली. वहिनीनं अखेर ट्रे ठेवला, नेमका प्रतिज्ञापत्रावर, आणि तो हलवायचं कुणालाच सुचलं नाही.

त्यानं पेन्सिल टेकवली. पंधरा वर्षं त्यानं निशाणवीर काढला नव्हता, पण त्यात काय, डोळे बांधले असते तरी जमलं असतं. कुठून सुरुवात करावी? डोक्यापासून. डोकं कुठं? त्यानं पेन्सिल उचलली आणि जरा वर नेली. अजून वर. कागद संपेचना. इतकी मोकळी जागा त्याला आजवर कुणी दिलीच नव्हती. त्याच्या हाताला वरून काहीतरी लागायची सवय होती, एक कड, जिथं थांबायचं आणि वळायचं. ती कुठंच नव्हती. त्यानं खांद्यापासून करून बघितलं, पायापासून करून बघितलं. एक पुसट रेघ उमटली आणि थांबली. दिग्दर्शक फोन धरून श्वास रोखून उभा होता.

एक मिनिट गेलं. मग आणखी एक. नाना असेच बसायचे, टोक काढत. थोरल्याला ते आठवलं.

मग त्यानं जे केलं ते ठरवून केलं नाही. हातानंच केलं, सोळा वर्षं करत आलेल्या हातानं. त्यानं कागद टेबलावरून दाराच्या बाजूला सरकवून दिला आणि किंचित चिडून म्हणाला, "अगं, आधी तू काहीतरी लिही ना. त्याशिवाय मी कसं काढू?"



"म्हणजे?" दिग्दर्शकानं विचारलं. फोन अजून चालूच होता. "आधी लिही म्हणजे?"

धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. थोरला बहिणीकडे बघत होता, आणि या वेळी त्यानं नजर हटवली नाही.

"म्हणजे ती आधी लिहायची," तो म्हणाला. "सगळं तीच लिहायची. त्रेसष्टावासुद्धा. आम्ही बापलेक उरलेल्या जागेत काढायचो. आणि ती मान... जनतेपुढे वगैरे काही नाही हो. वर जागा नसायची."

दिग्दर्शक आ वासून उभा राहिला. टोपी डोक्यावरून मागे सरकली होती. त्याच्या डोळ्यांपुढे चार महिने मान वाकवणारा नट येत असावा.

आत्यानं कागद आपल्या कोपऱ्यात ओढला, जिथं सकाळपर्यंत तिच्या शाईचे डाग होते. पिशवीतून आपलं जुनं पेन काढलं. फुगा ती नेहमी वर काढायची. आज तिनं तो कागदाच्या अगदी तळाशी काढला, लांबट आणि बसका. त्यात तिनं 'अजून मी उभा आहे' लिहिलं नाही. पूर्वी ती निशाणवीराची वाक्यं सुबक काढायची, तितक्याच सुबक अक्षरांत तिनं आपलं नाव लिहिलं. पूर्ण नाव. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद परत सरकवला.

थोरल्यानं ते वाचलं. मग पेन्सिल घेतली. पाय थेट फुग्यावर रोवले, गुडघे, कंबर, खांदे, पाठीवर फडफडणारं निशाण. आता हात अडत नव्हता. वहिनी जवळ येऊन सावली कुठं पडेल ते बोटानं दाखवत होती. धाकट्यानं तोंडावरचे हात काढले, खुर्ची ओढून टेबलाशी घेतली आणि कागद हलू नये म्हणून एक कोपरा दाबून धरला. त्याला कुणी खाली जा म्हणालं नाही. डोकं आलं, आणि मान सरळ वर गेली.

"काका, मान!" दिग्दर्शक कळवळून ओरडला. "मान खाली हवी!"

"कशाला?" आत्या म्हणाली. "आता वर जागा आहे."